सासरे, मी आणि पाँटूनखालचा बास

लग्न झालं तेव्हा सासऱ्यांशी काय बोलायचं हा मला मोठाच प्रश्न होता. ते भूलतज्ज्ञ. उभी हयात इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, सरकारी हॉस्पिटलांमध्ये गेलेली. नुकतेच रिटायर होऊन दक्षिण किनाऱ्यावरच्या एका खाडीकाठच्या गावात सासूबाईंबरोबर राहायला गेले होते. मी पुण्याहून मँचेस्टरला शिकायला आलेला आणि नंतर मेडनहेडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामाला चिकटलेला माणूस. महिन्यातून एखाद्या शनिवारी मी आणि बायको गाडीने त्यांच्याकडे जायचो. मायलेकी किचनमध्ये शिरल्या की आम्ही दोघं कन्झर्व्हेटरीत, बागेकडच्या काचेच्या खोलीत, समोरासमोर बसायचो.

"ट्रॅफिक कसं होतं?" ते विचारायचे.

"तसं बरं होतं. थोडी रोडवर्क्स."

"हं. तुम्ही लवकर निघालात ते बरं केलंत."

मग दोघंही बागेतल्या पक्ष्यांकडे बघत चहाची वाट बघायचो. क्रिकेट त्यांना आवडायचं नाही, राजकारणावर बोलायची मला भीती वाटायची. शिवाय जावई म्हणून ते मला कटाक्षाने 'तुम्ही' म्हणायचे, आणि त्या 'तुम्ही'च्या पुढे काही केल्या गाडी सरकत नव्हती.

ती सरकली एका जूनमधल्या संध्याकाळी. जेवायला वेळ होता म्हणून आम्ही दोघं मरीनापर्यंत चालत गेलो. तिथे पाण्यावर तरंगणारे लाकडी फळ्यांचे धक्के आहेत, इथे त्यांना पाँटून म्हणतात, आणि त्यांना बोटी बांधलेल्या असतात. एक चाळिशीची बाई मासेमारीचा रॉड घेऊन तिथे गुडघ्यावर बसली होती. तिने मनगटाला आडवा झटका दिला आणि दोरीच्या टोकाला असलेला रबराचा छोटा मासा पाण्यावर टप्पे खात गेला, लहानपणी आपण चपटा दगड फेकायचो ना, अगदी तसा. समोरच्या पाँटूनच्या फळ्या आणि पाणी यांच्यामध्ये वीतभर फट होती. त्या फटीतून तो सरळ आत अंधारात शिरला.

सासरे जागच्या जागी थांबले. त्यांनी तिला विचारलं, हे मुद्दाम केलंस की चुकून झालं? ती हसली. मुद्दाम, म्हणाली. उन्हं असेपर्यंत बास मासे पाँटूनच्या सावलीत दबा धरून बसतात. कडेला आमिष टाकलं तर ढुंकून बघत नाहीत, ते त्यांच्या घरात नेऊन द्यावं लागतं. आणि वरून फेकून ते आत जाणार नाही, पाण्याला लगटूनच जायला हवं. ती सांगत होती तेवढ्यात तिचा रॉड वाकला. थोड्या झटापटीनंतर तिने एक चंदेरी मासा वर घेतला, आम्हाला दाखवला आणि परत सोडून दिला.

"जिताड्याचा चुलतभाऊ आहे हा," सासरे मराठीत म्हणाले. मला काहीच कळलं नाही, कारण आमच्या घरी अंडंसुद्धा गॅलरीतल्या वेगळ्या स्टोव्हवर उकडायचे. परतीच्या वाटेवर त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांचं बालपण पेणच्या बाजूला गेलं. घरामागे खाजणाचं तळं होतं आणि त्यात जिताडे सोडलेले असायचे. शिकायला मुंबईला गेल्यापासून त्यांनी गळ हातात धरला नव्हता. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं, पण एवढं सलग बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होतो.

पुढच्या वेळी गेलो तर ते गाडीची किल्ली हातात घेऊन दारातच उभे. आठवडाभर त्यांनी व्हिडिओ पाहिले होते. त्यात अमेरिकेतले लोक रॉडच्या वरच्या अंगाला बसणारं, आडव्या फिरकीचं, दोरी गुंडाळायचं रील वापरतात. ते अंगठ्याने दाबून ताब्यात ठेवायचं असतं. सासऱ्यांना तेच हवं होतं. मासेमारीचं सामान विकणाऱ्या टॅकल शॉपचा मालक सभ्य माणूस होता. म्हणाला, सुरुवातीला हे नको, त्याला फार सराव लागतो. सासरे म्हणाले, सरावाची मला सवय आहे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी दुकानातला बऱ्यापैकी लांब रॉड उचलला. लांब असलेला बरा, एवढाच माझा विचार.

दोन्ही निवडी साफ चुकल्या. पाँटून पाण्यापासून जेमतेम हातभर उंच. तिथे आडवा फटकारा मारायला गेलो की माझ्या लांब रॉडचं टोक पाण्यातच बुडायचं. आणि सासऱ्यांचं रील म्हणजे तर संकट. रबराचा मासा पाण्यावर आपटला की त्याचा वेग एकदम कमी होतो, पण रिळाला त्याची खबर नसते. ते आपलं गरगर फिरत राहतं आणि सुटलेल्या दोरीचं त्यात कावळ्याचं घरटं होतं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी तीन-चारदा फेकलं असेल, बाकी सगळा वेळ आम्ही पाँटूनवर मांडी घालून ते घरटं सोडवत बसलो. त्यांनी वाचायचा चष्मा लावला होता. नसेत सुई घालणाऱ्या बोटांनी ते एकेक वेटोळं उकलत होते.

"अरे, ते टोक ओढ," ते म्हणाले. "ते नव्हे रे, तुझ्या अंगठ्याखालचं!"

माझ्या लक्षात आलं, त्यांच्या आलं नाही. तेव्हापासून पाण्यावर मी 'तू' झालो. घरी आलो की पुन्हा 'तुम्ही'. एकदा जेवताना ते चुकून "मीठ दे रे" म्हणाले तर सासूबाई दचकल्याच. "अहो, जावई आहेत ते!" बायको हसून हसून बेजार झाली.

आम्ही परत दुकानात गेलो, या वेळी नीट ऐकायच्या तयारीने. मालकाने 'मी सांगितलं होतं ना' असं तोंडाने म्हटलं नाही. साधं फिक्स्ड स्पूलचं रील दिलं. त्यात फिरकी फिरत नाही, दोरी नुसती सुटून जाते, त्यामुळे घरटं होत नाही. रॉड माझ्या खांद्याहून फार उंच नाही असा. टोकाला लवचीक, कारण त्या लवचिकपणामुळेच हलका मासा भिरकावला जातो. पण खालच्या अंगाला ताठ, कारण गळाला लागलेला बास पहिल्या झटक्यात पाँटूनखाली पळतो. तिथल्या खांबांना धारदार शिंपल्या चिकटलेल्या असतात, आणि त्याला तिथून लगेच ओढून काढलं नाही तर दोरी कापली जाते. म्हणूनच बारीक दोरीच्या पुढे हातभर लांबीचा जाड, पारदर्शक दोरा, म्हणजे लीडर, बांधायचा.

आमिषावर मात्र सासऱ्यांनी दुकानात जवळपास तास काढला. मालकाने दोन रबरी मासे समोर ठेवले. एकाची शेपटी वळलेली, पाण्यात छान वळवळणारी. दुसरा अगदी साधा, चपट्या पोटाचा. सासऱ्यांनी दोन्ही तळहातावर घेतले, काउंटरच्या काचेवर सरकवून पाहिले आणि साधा उचलला. वळलेली शेपटी पाण्याला अडकते, चपटं पोट घसरतं. गळाचं टोक त्याच्या अंगात दडवलेलं, म्हणजे बोटींच्या दोरखंडांना ते अडकत नाही.

"आयुष्यभर माणसांना भूल दिली," ते मला म्हणाले, "आता माशांना देऊ या. फरक एवढाच, की यांना जागं असतानाच द्यायची."

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत आम्ही जमेल तेव्हा गेलो. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी आमसुलं आणि तिरफळं काढून ठेवली होती. पण आम्हाला मिळायचे ते सगळे लहान. इथे ठरावीक मापापेक्षा लहान बास सोडून द्यावा लागतो, आणि सासरे आधी हात ओले करून, म्हणजे माशाची कातडी सोलत नाही, पट्टी लावून मोजायचे, किंचित कमी भरला तरी सोडायचे. "एवढ्या अवधीत मी स्वतः पोहून पकडला असता," सासूबाई म्हणायच्या. शेवटी एका सप्टेंबरात मापाचा मासा आला, तोही माझ्या गळाला. सासूबाईंनी त्याचं कालवण केलं. मी आयुष्यात खाल्लेला तो पहिला मासा. काट्यांची सवय नाही म्हणून सासऱ्यांनी माझ्या पानातला तुकडा स्वतःच्या हाताने साफ करून दिला.

याच तीन वर्षांत माझं लग्न संपत होतं. कसं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कुणी कुणाला फसवलं नाही. बायको इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली, कामात हुशार, स्वभावाने माझ्यापेक्षा कितीतरी मोकळी. तिला मँचेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये चांगली जागा मिळाली. आठवड्यातले चार दिवस ती तिकडे, मी मेडनहेडला. आधी शुक्रवारची वाट बघायचो. मग शुक्रवार आला की दोघंही दमलेले असायचो. मग एका शुक्रवारी ती आलीच नाही, आणि मला बरं वाटलं. तिलाही वाटलं होतं, हे तिने नंतर सांगितलं.

"आपण भांडत पण नाही रे," ती म्हणाली. "दॅट्स द प्रॉब्लेम. भांडण असता तर काहीतरी फिक्स केला असता."

तिचं मराठी असं होतं, लिंगांच्या भानगडीत न पडणारं. मला ते नेहमी आवडायचं. त्या दिवशीही आवडलं, आणि म्हणूनच फार वाईट वाटलं.

आईवडिलांना सांगायला आम्ही दोघं एकत्रच गेलो. तिचाच आग्रह होता. "बाबाला तुझा तोंडातून पण ऐकू दे," म्हणाली. रविवारची जेवणं झाल्यावर तिने सांगितलं. सासूबाई उठून किचनमध्ये गेल्या आणि धुतलेली ताटं पुन्हा धुवायला लागल्या. सासरे खुर्चीत पुढे सरकून बसले.

"दुसरं कुणी आहे का? कुणाच्याही बाजूने?"

"नाही, बाबा."

"मूल हवं-नको, असं काही?"

"नाही."

"मग निदान काय?" त्यांनी विचारलं.

ते थोडा वेळ आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. मग मला म्हणाले, "भरती चढतेय. येतोस?" घरात, सगळ्यांसमोर, 'येतोस'. सासूबाई आतून काही बोलल्या नाहीत.

त्या दिवशी मला सगळं साधलं. प्रत्येक फेक पाण्यावर चार-पाच टप्पे घेऊन थेट आतल्या काळोखापर्यंत जात होती. इतर वेळी ते "वा!" म्हणाले असते. त्या दिवशी त्यांनी आपला रॉड नुसताच धरून ठेवला होता. निघायच्या वेळी डबा बंद करता करता म्हणाले, "मी झोपलेल्या माणसांचा श्वास मोजत आयुष्य काढलं. रंग जरा बदलला तरी मला कळायचं. तुम्ही दोघं समोर जेवायला बसायचात, आणि मला काही दिसलं नाही."

"बाबा, दिसण्यासारखं काही नव्हतंच."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले.

डिव्होर्सचं काम शांतपणे पार पडलं. माझा रॉड त्यांच्या गॅरेजमध्ये राहिला होता. शेवटचं सामान द्यायला बायको आली तेव्हा गाडीतून तो पिशवीत घालून घेऊन आली. म्हणाली, बाबाने दिलाय. मी ती पिशवी बरेच दिवस उघडलीच नाही. उघडली तेव्हा दिसलं, त्यांनी रील खोलून, मीठ धुऊन, तेल घालून परत बसवलं होतं. जुना लीडर काढून नवा बांधला होता. गाठ त्यांच्या हातची होती, घट्ट आणि बेतशीर कापलेली.

तेव्हा फोन करायला हवा होता. नुसतं थँक्यू म्हणायला. पण कोण म्हणून करणार? बायकोशी नातं संपलं त्याला निदान एक शब्द तरी आहे. सासऱ्यांशी संपतं त्याला काय म्हणायचं? 'माजी सासरे' म्हटलं की आमदारच डोळ्यांसमोर येतो. तिला आवडेल का, सासूबाईंना त्रास होईल का, असा विचार करत मी थांबलो. नंतर कळलं की तिकडे तेही तसाच विचार करत थांबले होते. त्यांनी फोन केला तर मला अवघडल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं. असे दोन उन्हाळे गेले. मासेमारीला चांगले असतील, नसतील. मला माहीत नाही, मी किनाऱ्याकडे फिरकलो नाही.

मग एका एप्रिलमध्ये त्यांचाच फोन आला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. नाव नाही, नातं नाही. "तुझ्याकडे एक काम होतं. मला रॉड निवडायचाय."

ते पडले होते. बर्फावरून घसरून उजवा खांदा मोडला होता, ऑपरेशन झालं होतं, आणि आता हात छातीच्या वर जात नव्हता. जुना रॉड पेलवत नव्हता. मी पुढच्याच शनिवारी गेलो. घरी नाही, सरळ दुकानात. तसंच ठरलं होतं. ते आधीच येऊन उभे होते. बारीक झाले होते. कोट खांद्यावर नुसता अडकवलेला.

दुकानात आम्ही सगळे हलके रॉड काढून पाहिले. ते डाव्या हातात धरायचे, कोपर अंगाला टेकवून मनगटाने हलवायचे आणि नाही म्हणून मान हलवायचे. मी मागे उभा राहून टोक कुठवर जातं ते बघत होतो. शेवटी आणखी आखूड, अगदी हलका असा एक सापडला. रील लहान घेतलं, हँडल उजवीकडे बसवून घेतलं. डाव्या हाताने फेकायचं आणि उजवा हात कमरेशी ठेवून नुसतं गुंडाळायचं. रबरी मासाही लहान निवडला, म्हणजे मनगटाला कमी भार. ते माझ्याकडे बघायचे, मी हो म्हटलं की ती वस्तू बाजूला ठेवायचे. असं आधी कधी झालं नव्हतं.

दुकानाचा मालक बदलला होता. नव्या माणसाने बिल करता करता हसून विचारलं, "वडील आणि मुलगा का?"

"नाही," सासरे म्हणाले. केसपेपर वाचावा तसे. "हा पूर्वी माझ्या मुलीचा नवरा होता."

तो बिचारा लीडर शोधायच्या निमित्ताने आत गेला. आम्ही दोघं काउंटरवरच्या गळांच्या पाकिटांकडे बघत उभे राहिलो.

मरीनात आता मासेमारीला बंदी होती, गेटला कोडचं कुलूप होतं. म्हणून आम्ही गावच्या जुन्या धक्क्यावर गेलो. तिथे सगळ्यांना परवानगी आहे, पण खाली सावली कमी. ते एका क्रेटवर बसले आणि डाव्या हाताने फेकायला लागले. पहिल्या काही वेळा आमिष समोरच पाण्यात डुबकन पडलं. मी त्यांचं कोपर धरून थोडं खाली केलं. त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदाच स्पर्श करत होतो. पाया पडण्याचा अपवाद सोडला तर. नंतरची एक फेक दोन टप्पे घेऊन फळ्यांखाली गेली. पूर्ण आत नाही, पण सावलीत.

"गेली की," ते म्हणाले.

"गेली, बाबा."

मासा काही लागला नाही. आम्ही गाडीत बसून फिश अँड चिप्स खाल्ले. ते सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल बोलले, मी माझ्या नव्या फ्लॅटबद्दल. निरोप घेताना ते म्हणाले, "जूनमध्ये ये. जूनमध्ये मासा आत येतो."

जूनमध्ये ते घर विकायच्या गडबडीत होते. सासूबाईंना जिने झेपत नव्हते आणि त्यांची बहीण लंडनच्या एजवेअरला राहते. तिथे आपली माणसं आहेत, मंदिर आहे, भाजी मिळते. ते सगळं मला फोनवर समजावून सांगत होते, जणू मीच नको म्हणत होतो. "तिथे पाणी नाही, एवढंच," शेवटी म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, मेडनहेडला थेम्स आहे. बांधलेल्या बोटींखाली पर्च मासे असतात. तंत्र तेच. मी तुम्हाला न्यायला येतो."

"बघू," ते म्हणाले. मग, "तुला सांगायचं राहिलं. तिचं ठरलंय. मुलगा तिच्याच हॉस्पिटलातला आहे. चांगला आहे."

"अरे वा. माझ्याकडून अभिनंदन सांगा."

"सांगतो." मग स्वतःच म्हणाले, "सांगू का? की नको?"

"तुम्हाला वाटेल तसं, बाबा."

"मग नको. आणि हे बघ, मी तुझ्याकडे यायचं म्हणजे... त्या मुलाला कसं वाटेल? नवीन आहे तो. आता ते बरं दिसणार नाही."

मला राग आला नाही. त्यांचं बरोबरच होतं. तो मुलगाही आता कुठल्याशा खोलीत त्यांच्यासमोर बसत असेल, ट्रॅफिकबद्दल बोलत असेल. त्याच्याशी त्यांनी नव्याने सुरुवात करायची तर माझ्याकडे येऊन चालणार नव्हतं. पण आमचे ते दोन उन्हाळे मी उगाच घालवले, असं तेव्हा फार वाटलं. खांदा तेव्हा धड होता. घर तेव्हा पाण्याकाठी होतं. कुणाचीच हरकत नव्हती. हरकत घेईल असं माणूसच तेव्हा नव्हतं.

या ऑक्टोबरात एका सकाळी मी थेम्सवर गेलो. पाणी थंड, झाडं पिवळी. काठाला बांधलेल्या एका जुन्या बोटीच्या पोटाखाली आमिष सरकवलं आणि एक मोठा पर्च लागला. पाठीवर काळे पट्टे, लाल पर. त्याचा फोटो काढला आणि त्याला पाण्यात सोडलं. काठावर उभा राहून बराच विचार केला, आणि फोटो सासऱ्यांना पाठवून दिला. खाली काही लिहिलं नाही.

उत्तर लगेच आलं. "धरण्याआधी हात ओले केले होतेस ना?"

मी "हो" लिहिलं. निळ्या खुणा उमटल्या. पलीकडून टाइप होत असल्याचं काही वेळ दिसत राहिलं, मग तेही थांबलं. बोटीतून एक म्हातारा गृहस्थ चहाचा मग घेऊन बाहेर आला आणि काही मिळालं का म्हणून विचारू लागला. मी त्याला फोटो दाखवला.